काठावरची बाटली

मृगाचा पहिला दणका बसला की आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावात एकच बोली उठायची, तांबडं पाणी आलं. पूर आला असं कुणी म्हणायचं नाही. पूर तो जुलै-ऑगस्टातला, पोत्यांची आणि गुरांची हलवाहलव करायला लावणारा. हे जूनचं पाणी चढायचं पुरुषभरसुद्धा नाही, पण रंग असा की वर कुणीतरी विटांची अख्खी भट्टी नदीत कुटून टाकलीय. आजी त्या दिवशी फडताळातून निवळीच्या बिया काढायची. एक बी सहाणेवर उगाळायची, ते पाणी घागरीत ढवळायची आणि घागर कोपऱ्यात ठेवून द्यायची. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला बोटभर चिखल. पाणी माठात जायचं आणि चिखल परसातल्या वांग्यांच्या बुडात. कृष्णाकाठच्या वांग्यांचं सगळे कौतुक करतात. त्या वांग्यांची जमीन म्हणजे मळी, आणि मळी म्हणजे नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ. आजीच्या हिशेबात तो चिखल म्हणजे नदीनं घरपोच दिलेली मळीच होती.

पुढं मी तीसेक वर्षं सरकारी पगार घेऊन जे केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. घागर निवळू द्यायची आणि तळाचा चिखल तोलायचा. फरक इतकाच की आमची घागर एक लिटरची होती आणि तिच्यावरून अख्ख्या नदीचा हिशेब मांडायचा होता.

कृष्णेच्या खोऱ्यात ही मोजणी केंद्रीय जल आयोग करतो. सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णेवर आणि शेजारीच वारुंजीला कोयनेवर, सांगलीजवळ समडोळीला वारणेवर, खाली शिरोळ तालुक्यात अर्जुनवाड आणि कुरुंदवाडला पुन्हा कृष्णेवर, अशी केंद्रं आहेत. नदीकाठी रंगवलेल्या फुटपट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. सांगलीत तर आयर्विन पुलाची पातळी शेंबड्या पोरालाही पाठ असते. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. १९२९ सालच्या या पुलानं २००५ चा महापूर पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ चा पाहिला, आणि दरवेळी सगळा जिल्हा त्याच्या खांबाकडं डोळे लावून बसला. पण फुटांची बातमी होते. त्याच पाण्यातून सेकंदाला किती माती चाललीय, हे मला आजवर एकाही पावण्यानं विचारलेलं नाही.

आमचं काम सकाळी आठला सुरू व्हायचं. आधी पट्टीवरची पातळी लिहायची. मग नावेतून नदी या काठापासून त्या काठापर्यंत कापत जायची. नदीच्या रुंदीचे मनातल्या मनात उभे काप पाडलेले असतात. प्रत्येक कापाशी नाव धरायची, खोली मोजायची, आणि माशाच्या आकाराचं शिशाचं वजन लावून करंट मीटर खाली सोडायचा. त्याला छोट्या वाट्यांचं चाक असतं. पाणी जितकं ओढीचं तितकं चाक जास्त फिरतं. कानाला लावलेल्या यंत्रात टिकटिक येते, ती घड्याळ लावून मोजायची. वेग पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर मोजायचा, कारण त्या ठिकाणचा वेग साधारणपणे त्या सगळ्या उभ्या कापाच्या सरासरीला जुळतो. कापाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या कापांची बेरीज म्हणजे नदीचा प्रवाह.

गाळाची बाटलीही त्याच खोलीवर सोडायची. तिला आम्ही पंजाब बाटली म्हणतो. धातूच्या चौकटीत बसवलेली ही बाटली तोंड बंद ठेवून खाली न्यायची आणि हवी ती खोली आली की नावेतूनच ओढून झाकण उघडायचं. बुडबुडे थांबले की भरली. नाव वल्हवायला आमच्याकडं एक आबा होते. माझ्या वडलांच्या वयाचे, शाळा दुसरीपर्यंत, आणि नदीची शाळा जन्मभर. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "काय रं, रोज एवढ्या बाटल्या भरतोयास, कुठल्या देवाला अभिषेक घालायचाय?" मी त्यांना समजावून सांगायला लागलो तर म्हणाले, "वरचं पाणी आन् बुडचं पाणी एक नसतंय, एवढं ध्येनात ठेव म्हंजे झालं."

त्या एका वाक्यात गाळमोजणीचं अर्धं शास्त्र आहे. खळ्यावर उफणणी करताना सूप वाऱ्यावर धरलं की दाणे पायाशी पडतात, फोलपटं चार हात पुढं आणि कोंडा कुठल्या कुठं. नदीतही तसंच होतं, फक्त वारा तिथं पाण्याचा. जाड वाळू तळाशी लोळत-उड्या मारत जाते. बारीक वाळू तळाजवळच्या थरात दाट आणि वर विरळ असते. पिठासारखी माती मात्र वरपासून खालपर्यंत सारखीच मिसळलेली राहते, कारण पाण्याच्या घुसळणीपुढं तिचं वजन काहीच नाही. म्हणून सहा दशांशावरची बाटली बारीक मातीबद्दल बऱ्यापैकी खरं बोलते आणि जाड वाळूबद्दल हातचं राखून बोलते. अगदी तळाला घासत जाणारी वाळू-खडी तर बाटलीत येतच नाही. तिच्यासाठी वरून काही टक्के अंदाजानं धरावे लागतात. अमेरिकेत १९४८ साली बनवलेलं डीएच-४८ नावाचं एक हातातलं यंत्र आहे. ते पृष्ठभागापासून तळापर्यंत आणि परत वर सारख्या गतीनं फिरवायचं. त्याच्या नळीतून पाणी नदीच्याच वेगानं आत शिरतं, म्हणजे सगळ्या थरांचा वाटा आपोआप येतो. आबांचं वाक्य त्या लोकांनी पितळ-ॲल्युमिनियममध्ये ओतलं होतं.

बाटल्या केंद्राच्या खोलीत आल्या की गाळाच्या तीन जाती करायच्या. ०.२ मिलिमीटरच्या वरचा तो जाड, ०.०७५ ते ०.२ मधला तो मध्यम, आणि त्याच्याखालचा सगळा बारीक. जाड चाळणीत अडतो. मध्यम वेगळा करायचा तो काळाच्या चाळणीनं. ०.०७५ मिलिमीटरचा कण दहा सेंटिमीटर पाणी उतरायला साधारण वीस सेकंद घेतो. म्हणून पाणी ढवळायचं, तेवढा वेळ थांबायचं, वरचं गढूळ पाणी ओतून घ्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा ढवळायचं, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण हेच दहा सेंटिमीटर उतरायला आठ तास लावतो. आजीची घागर रात्रभर का लागायची ते मला नोकरीत कळलं. निवळीच्या बीनं ते कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लवकर बसतात, तुरटीनंही तेच होतं.

बारीक गाळ गाळणकागदावर धरायचा. कागद आधी वाळवून तोलायचा, मग त्यातून पाणी गाळायचं, १०५ अंशांच्या आसपास भट्टीत सुकवायचा आणि पुन्हा तोलायचा. सांगायला सोपं आहे. पण जुलैतल्या कराडच्या हवेत भट्टीतून काढलेला कागद तराजूकडं नेईपर्यंत ओल धरायला लागतो. पाणी स्वच्छ असताना लिटरमागं गाळ काही मिलिग्रॅमच असतो, आणि हवेतली ओलही कागदावर मिलिग्रॅमांतच चढते. म्हणजे नदीची माती मोजतोय की पावसाची हवा, हे कळेना. त्यावर उपाय म्हणून काचेच्या बंद भांड्यात निळे सिलिका जेलचे खडे ठेवतात. ते ओल पिऊन गुलाबी झाले की पुन्हा तापवून निळे करायचे. पावसाळ्यात आमचं निम्मं आयुष्य खडे निळे करण्यात गेलं.

आता या मिलिग्रॅमांचे टन कसे होतात ते पाहू. समजा लिटरमागं एक ग्रॅम गाळ निघाला. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर, चहात साखर म्हणूनही कुणी जमेस धरणार नाही. लिटरला ग्रॅम म्हणजे घनमीटरला किलो. नदीतून सेकंदाला हजार घनमीटर पाणी वाहत असलं, म्हणजे वर्तमानपत्रातल्या भाषेत ३५ हजार क्युसेक, तर सेकंदाला एक टन माती चालली. दिवसाला ८६ हजार ४०० टन. दहा टनी ट्रक धरले तर साडेआठ हजारांवर ट्रक, एका दिवसात, एका पुलाखालून, कुणालाही न दिसता.

आणि म्हणूनच त्या चिमटीत चूक झाली की ट्रकांच्या रांगा चुकतात. ही चूक मी केलेली आहे.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षीची गोष्ट. जुलैतली सकाळ, रात्रभर धो धो पाऊस, नदी भरून फुगलेली. मधोमध अख्खी बाभळ मुळांसकट वाहत चालली होती. आबांनी नाव सोडायला साफ नकार दिला आणि ते बरोबरच होतं. अशा वेळी वेगासाठी तरंगती वस्तू सोडून ती ठरावीक अंतर किती वेळात कापते ते पाहता येतं. पण गाळाचं काय? मी काठावर उतरलो, हात लांब करून बाटली बुडवली आणि वहीत मात्र नेहमीच्या सगळ्या कापांची सरासरी म्हणून आकडा लिहिला. संध्याकाळी घरी जाताना मला त्याचं काही वाटलं नाही, हे आज जास्त वाटतं. पाणी ते पाणीच, एकाच नदीचं, असं मी स्वतःला सांगितलं.

पावसाळा संपल्यावर वरिष्ठांनी वर्षाचे सगळे आकडे आलेखावर मांडले. आडव्या बाजूला प्रवाह, उभ्या बाजूला गाळ. ठिपके चढत्या पट्ट्यात बसतात, त्यातून एक रेघ काढतात, आणि ज्या दिवशी बाटली भरली नाही त्या दिवशीचा गाळ त्या रेघेवरून काढतात. माझा त्या दिवसाचा ठिपका पट्ट्याच्या कितीतरी खाली, पोरका. साहेब ओरडले नाहीत. बोट ठेवून एवढंच विचारलं, "हे पाणी कुठलं?" मी सांगून टाकलं. काठाशी वेग मंद, त्यामुळे वाळू कधीच खाली बसलेली. माझ्या बाटलीत निव्वळ पिठूळ माती होती. साहेबांनी तो ठिपका लाल शाईनं खोडला. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा आकडा त्यामुळे वहीत कोराच राहिला.

पुढं बराच काळ माझी झोप त्या कोऱ्या चौकटीपाशी अडायची. नदी वर्षभर सारखी माती वाहत नाही. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून निघालेल्या नदीच्या खोऱ्यातच खटाव-जतसारखे पाचशे मिलिमीटरला मोताद तालुके. पाऊस येतो तोही चार महिन्यांत, आणि त्यातला जोराचा मोजक्या दिवसांत. वर्षाच्या गाळाचा मोठा हिस्सा त्या मोजक्याच दिवसांत जातो. आणि नेमके तेच दिवस नाव न सोडण्याचे असतात. उन्हाळ्यात, नदी गुडघ्याला आल्यावर, आम्ही अगदी निगुतीनं, रेषेला रेष लावून काही मिलिग्रॅम मोजायचो. आठवड्याच्या त्या बाटलीच्या नोंदीत माझी अक्षरं सगळ्यात सुंदर आहेत.

आलेखावरची ती रेघही वाटते तितकी साधी नसते. जूनमध्ये ५० हजार क्युसेक आणि ऑगस्टमध्ये ५० हजार क्युसेक, प्रवाह तोच, पण जूनचा गाळ कितीतरी जास्त. कारण शेतात पाहावं. मृगाच्या तोंडावर रानं नांगरून, कुळवून, लोण्यासारखी मोकळी करून ठेवलेली असतात आणि वर झाकायला पान नसतं. पहिला पाऊस तीच माती उचलतो. ऑगस्टात सोयाबीन-भुईमुगानं रान झाकलेलं असतं, ऊस उभा असतो, आणि सुटी माती बरीचशी आधीच गेलेली असते. एकेका पुरातही तसंच, गाळाचा कळस बहुधा पाण्याच्या कळसाआधी येतो. ठिपके क्रमानं जोडले तर सरळ रेघ न होता फास तयार होतो. गावाला हे आलेखाशिवाय ठाऊक होतं. म्हणून तर तांबड्या पाण्याला वेगळं नाव होतं.

डोंगर खाली आला तर सगळीच रेघ मोडते. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्या रात्रीच्या मातीचा हिशेब कुठल्याही ठिपक्यांवरून काढता यायचा नाही, आणि खरं सांगायचं तर ती बातमी वाचताना मला गाळाची आठवणही झाली नाही.

आता यंत्रं आलीत. गढूळपणा मोजणारी यंत्रं पाण्यात प्रकाश सोडून तो किती विखुरतो ते पाहतात, रात्रंदिवस, नाव न सोडता. दुसरी यंत्रं ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीवरून अंदाज घेतात. उपग्रह वरून पाण्याचा रंग पाहतात. मला याचा मत्सर नाही, त्या जुलैच्या सकाळी असं एक यंत्र पुलाला टांगलेलं असतं तर माझी वही कोरी राहिली नसती. पण गढूळपणा म्हणजे वजन नव्हे. चिमूटभर चिकणमातीनं बादली गढूळ होते. ओंजळभर वाळू टाका, क्षणात तळाला आणि पाणी पुन्हा आरस्पानी. म्हणून प्रत्येक यंत्राला त्या-त्या नदीच्या खऱ्या बाटल्यांशी ताडून घ्यावं लागतं. तेव्हा बाटली सुटत नाही.

कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला गेलात तर पावसाळ्याच्या सुरुवातीला घाटावर जरा थांबा. उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात. एकीचं पाणी तांबूस, दुसरीचं त्या मानानं फिकं, आणि दोन्ही रंग बराच वेळ एकमेकांत मिसळायला राजी नसतात. असल्या जागी बाटली कधी भरू नये, कुठल्या नदीची भरली ते सांगता येत नाही. कोयनेचं पाणी शिवसागरात, कोयना धरणाच्या जलाशयात, थांबून येतं. शंभर टीएमसीच्या वरचं ते धरण म्हणजे आजीची घागरच. पाणी थांबलं की माती बसते. लोकांना वाटतं गाळ धरणाच्या तळाशी, भिंतीजवळ, त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या मृत साठ्यात जाऊन निमूट बसतो. तसं होत नाही. जाड गाळ जलाशयाच्या शेपटाकडं, पाणी शिरताना पहिल्यांदा मंदावतं तिथंच बसतो आणि वापरायच्या पाण्याची जागा खातो. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरलंय ते पाहून धरणाची किती क्षमता गाळानं गेली ते काढते.

वर माती अडली की खाली ती पोचत नाही. कृष्णेच्या अगदी खालच्या टोकाला, आंध्रात, १९६६ ते ६९ च्या सुमारास वर्षाला साधारण ९० लाख टन तरंगता गाळ जात होता. २००० ते २००५ च्या दरम्यान तो ४ लाख टनांवर आला. तिथला त्रिभुज प्रदेश या मातीवरच उभा आहे. आपल्याकडं मात्र नदीत गाळ फार झाला, तो काढा, म्हणजे पूर येणार नाही, अशी मागणी प्रत्येक महापुरानंतर होते. माझं मत विचाराल तर मी पात्राचे काप दाखवा म्हणेन. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राचा आडवा काप मोजतात. पंधरा-वीस वर्षांचे काप एकावर एक ठेवले तर तळ वर आलाय की वाळूउपशानं खाली गेलाय ते डोळ्यांना दिसतं. बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेत काढले नाहीत तर फुगवट्यात गाळ बसतो, हेही खरं. पण बाटल्यांच्या आकड्यांवरून हे सिद्ध करायला जाल तर जपून. वरच्या केंद्रांवरून आत आलेला गाळ वजा खालच्या केंद्रावरून गेलेला गाळ, म्हणजे मध्ये बसलेला, अशी ती वजाबाकी. दोन मोठे आकडे, दोन्हींत चूक, आणि उत्तर त्या चुकीहून लहान. माझ्यासारख्या एकानं एका सकाळी काठावरून भरलेली बाटली त्यात कुठं लपून बसली असेल, कुणी सांगावं.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनवर पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर तळमजल्यापुरतं पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर दार ढकलून आत आलो तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उंबऱ्याजवळ पाय ठेवला तर बुटाखाली कचकच वाजलं, वाळू. सोप्यात ती नव्हती, तिथं बोटांत चोळली तर किंचित खरखरीत लागणारी माती. मधल्या खोलीत त्याहून मऊ. आणि सगळ्यात आत, देवघराच्या कोनाड्यात, तव्यावर भुरभुरायच्या पिठाइतकी बारीक, बोटाला न जाणवणारी. दारातून आत येताना पाण्याचा वेग कमी होत गेला आणि त्यानं आपलं ओझं क्रमानं खाली ठेवलं. जाड, मध्यम, बारीक. तीस वर्षं चाळणीनं नि घड्याळानं जे वेगळं केलं ते नदीनं आमच्या चार खोल्यांत मांडून ठेवलं होतं, एकही कप्पा न चुकवता. मी स्वयंपाकघरातून तीन रिकाम्या बरण्या शोधल्या आणि उंबऱ्यापाशी उकिडवा बसलो.

ही मागून खराटा घेऊन आली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, तीन बरण्या घ्या हव्या तर. पण राहिलेला कोण काढणार?"